छातीचे ठोके एचआरच्या स्क्रीनवर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली २२ वर्षं मी एका कंपनीच्या ओएचसीत सिस्टर आहे. कागदावर ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर, कामगारांच्या तोंडी डिस्पेन्सरी. मुंबईच्या पूर्व उपनगरातली इंजिनियरिंग कंपनी आहे, हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या, प्रेस शॉप, ग्राइंडिंग, मेंटेनन्स असं सगळं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मनगटावर बांधून ठोके मोजणारे हार्ट रेटचे हे बँड आता बऱ्याच ठिकाणी वाटले जातायत आणि मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही.

आमच्याकडे दीड वर्षापूर्वी बँड आले. ४ मार्चला नॅशनल सेफ्टी डे असतो, त्या आठवड्यात कार्यक्रम झाला, पाहुणे आले, भट्टीवरच्या आणि मेंटेनन्सच्या पर्मनंट लोकांना स्टेजवर बोलवून मनगटावर बँड बांधले. मला खरंच आनंद झाला होता हो. इतकी वर्षं मी बघतेय, माणूस छातीवर हात धरून येतो आणि म्हणतो सिस्टर गॅस झालाय, सोड्याचं काहीतरी द्या. आता निदान आधी कळेल असं वाटलं. शॉप ऑफिसात टीव्ही लावला, त्यावर प्रत्येकाचा टोकन नंबर आणि त्याच्यापुढे हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका. तीच स्क्रीन एचआरमध्ये पण, आणि एक माझ्याकडे.

गेल्या मे महिन्यात सेकंड शिफ्टला, पाचच्या सुमारास, एक जण आला. वय ४४. शर्ट भिजलेला, पण भट्टीवाल्यांचा तो नेहमीच भिजलेला असतो त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. म्हणाला ॲसिडिटीची गोळी द्या, दुपारपासून जळजळतंय आणि जबडा पण दुखतोय. जबडा म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलेच. तेवढ्यात मागोमाग सुपरवायझर मोबाईल घेऊन आला, सिस्टर ह्याचं ग्रीन आहे बघा, पल्स ७८ दाखवतंय, गोळी द्या आणि पाठवा, चार्ज म्हणजे भट्टीतला माल काढायचाय. त्याचा पण दोष नाही, त्याला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं होतं की ग्रीन म्हणजे माणूस ओके. मी त्याला बाहेर थांबवलं, ह्याला आडवा केला, ईसीजी काढला. पट्टी बाहेर यायला लागली तसा माझ्या पोटात गोळा आला, लीड दोन, तीन आणि एव्हीएफ, तिन्हीकडे रेघेतला एसटी म्हणतात तो भाग वर चढलेला. हार्टच्या खालच्या बाजूचा ॲटॅक. डॉक्टरांना फोनवर पट्टीचा फोटो पाठवला, त्यांनी सांगितलं तशी ॲस्पिरिन चावायला दिली, ॲम्ब्युलन्स काढली, आणि ऐन गर्दीच्या वेळी एलबीएस रोडवरून आम्ही कसे गेलो ते मलाच माहिती. स्टेंट पडला. माणूस वाचला, आज लाईट ड्युटीवर आहे, परवाच कँटीनला भेटला. आणि त्या पूर्ण वेळात, ॲम्ब्युलन्समध्ये सुद्धा, त्याच्या मनगटावरचा बँड हिरवाच होता.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं कारण लोकांचा समज असा झालाय की बँड म्हणजे हार्टवर लक्ष. बँड ठोके मोजतो. मिनिटाला किती, बस्स. त्याच्या मागच्या बाजूला हिरवा लाईट लुकलुकतो, रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमीजास्त होतं त्यावरून तो मोजणी करतो. हार्टला रक्त पुरवणारी नळी तुंबलीय की मोकळी आहे हे त्याला कुठून कळणार? ॲटॅकमध्ये पल्स अगदी साधी असू शकते, आणि खालच्या बाजूचा ॲटॅक असेल तर कधीकधी उलट कमी होते. ज्या महागड्या घड्याळांमध्ये ईसीजी असतो ती सुद्धा एकाच लीडचा काढतात, आणि बनवणारेच स्पष्ट सांगतात की ह्याने हार्ट ॲटॅक ओळखता येत नाही. दवाखान्यात आम्ही १० इलेक्ट्रोड लावून १२ लीड काढतो ते काय हौस म्हणून नाही, १२ बाजूंनी बघावं लागतं. आणि त्या ईसीजीत पण साधारण १० सेकंदांचंच दिसतं. वार्षिक तपासणीत ईसीजी नॉर्मल आला म्हणून ब्लॉकेज नाही असं छातीठोक कुठलाही डॉक्टर सांगणार नाही, पण आमच्याकडे लोक तो कागद लॅमिनेट करून ठेवतात.

म्हणजे मी ह्या टेक्नॉलॉजीच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. आमच्या गेटवरचे एक वॉचमन काका आहेत, त्यांच्या मुलाने त्यांना स्वतःचं जुनं स्मार्टवॉच दिलं होतं. त्यात ठोके अनियमित असल्याचं दोनतीनदा आलं. ते मला दाखवायला घाबरत होते, नोकरी जाईल म्हणून. मी पट्टी काढली तर एट्रियल फिब्रिलेशन. त्यांना त्रास काहीच नव्हता, धाप नाही, धडधड नाही, काही नाही. ह्या आजारात हार्टमध्ये रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, स्ट्रोकचा धोका जवळपास ५ पट असतो. आज रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत आणि काका ड्युटी करतायत. त्या घड्याळाने कदाचित एका माणसाला अर्धांगापासून वाचवलंय. अमेरिकेत ४,१९,२९७ लोकांवर ॲपलच्या अशाच घड्याळाचा मोठा अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला, त्यात अनियमित ठोक्यांची सूचना फक्त ०.५२ टक्के लोकांना आली होती. म्हणजे उठसूट घाबरवत पण नाही. मला तर हॉल्टर म्हणून जे यंत्र आहे ना, २४ तास छातीला लावून ठेवतात ते, त्याची गोष्ट नेहमी आठवते. नॉर्मन हॉल्टर ह्या अमेरिकन माणसाने १९४० च्या दशकात पहिलं यंत्र बनवलं ते पाठीवर घ्यायचं होतं आणि त्याचं वजन होतं ३८ किलोच्या आसपास. तेच काम आज खिशात मावतं, केवढी मोठी गोष्ट आहे. त्यामुळे यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. ते कुठल्या कामाला लावलं आणि त्याचा आकडा आधी कोणाच्या हातात जातो, त्याबद्दल आहे.

आता दुसरा माणूस. वय ५१, भट्टीवर २५ वर्षं. पावसाळ्याआधीची गोष्ट, नाईटला त्याचा बँड सलग तीन रात्री लाल झाला. मी जनरल शिफ्टला, मला सकाळी कळलं, पण एचआरला त्याच्या आधीच ऑटोमॅटिक मेल गेलेला. सोमवारपासून त्याला स्टोअरला बसवला. नाईट बंद, ओटी बंद, हीट अलाउन्स बंद. हातात येणारे महिन्याला नऊ-दहा हजार कमी झाले, आणि मुलगी इंजिनियरिंगला. तो माझ्यासमोर बसून रडला, माझ्या २२ वर्षांत त्याला मी कधी आवाज चढवताना पण बघितलं नव्हतं. सगळ्या तपासण्या झाल्या, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉईड, सगळं व्यवस्थित. मग मी रात्री थांबले आणि स्वतः शॉपमध्ये जाऊन बघितलं. मॅनकूलर म्हणजे माणसांवर वारा सोडणारा मोठा पंखा बंद पडलेला, आठ दिवस मेंटेनन्सला कंप्लेंट पडून होती. एक माणूस सुट्टीवर, त्याच्या जागी बदली दिलेली नाही, तिघांचं काम दोघं करत होते. भट्टीचा दरवाजा नीट बसत नव्हता म्हणून रॉडने दाबून धरत होते. मुंबईतली मे-जूनची हवा तर आपल्याला माहितीच आहे, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, मग हार्टला रक्त कातडीकडे जास्त जोरात ढकलत राहावं लागतं. त्या माणसाची पल्स वाढणार नाही तर काय होईल?

तो बँड बरोबरच बोलत होता. तो सांगत होता की ह्या जागी ह्या वेळी माणसाला झेपणार नाही असं काम चाललंय. आपण जागा तशीच ठेवली आणि माणूस हलवला. त्याच्या जागी दुसरा उभा केला, २९ वर्षांचा, त्याचा बँड पिवळ्यावर थांबला, मग सगळे म्हणाले बघा प्रॉब्लेम त्या माणसातच होता. मला त्या दिवशी इतका संताप आला होता की घरी जेवले नाही.

आणि ह्याचा परिणाम काय झाला तर बाकीचे शहाणे झाले. कोणी पट्टा सैल बांधतो म्हणजे रीडिंगच येत नाही, कोणी लॉकरमध्ये विसरतो. एका रात्री ५४ वर्षांच्या माणसाची पल्स ६१ दिसत होती, जेव्हा तो भट्टीतून चार्ज बाहेर काढत होता. बँड होता कंट्रोल केबिनमध्ये बसलेल्या ट्रेनीच्या हातात. हे आमच्याकडे नवीन नाही, वार्षिक तपासणीच्या दिवशी सकाळी बीपीची डबल गोळी घेऊन येणारे मी वर्षानुवर्षं बघतेय, एकाला तर रांगेतच चक्कर आली होती. माणूस आजार लपवतो तो डॉक्टरपासून नाही लपवत, नोकरी जाईल ह्या भीतीपासून लपवतो. बँड आल्यावर ती भीती वर्षातून एक दिवस होती ती रोज आठ तासांची झाली.

पूर्वी, म्हणजे बँड यायच्या खूप आधी, आमच्या जुन्या डॉक्टरांनी मला एक पद्धत शिकवली होती. माणूस कामावरून विश्रांतीला बसला की लगेच ३० सेकंद मनगटाची नाडी मोजायची, दुप्पट करायची. ११० च्या वर असेल तर पुढच्या वेळचं काम एक तृतीयांशाने कमी करायचं, विश्रांती तेवढीच ठेवायची. पुन्हा मोजायची, अजून ११० च्या वर, तर पुन्हा एक तृतीयांश कमी. अमेरिकेचं कामगार सुरक्षेचं सरकारी खातं आहे ओशा, त्याच्या गाईडमध्ये उष्णतेतल्या कामासाठी हेच दिलेलं आहे. अजून एक हिशोब आहे, १८० मधून वय वजा करा, ४५ चा माणूस असेल तर १३५, काम करताना काही मिनिटं सलग त्याच्या वर राहत असेल तर थांबवा. भिंतीवरचं घड्याळ आणि दोन बोटं एवढंच लागतं. पण ह्या नियमात बघा, आकडा वाढला तर कमी काय करायचं? काम. माणूस काढून टाका असं त्यात कुठेही नाही. नवीन माणूस उष्णतेच्या कामावर घेतला तर पहिल्या दिवशी २० टक्केच काम, मग रोज २० टक्क्यांनी वाढवत न्यायचं असं पण सांगितलंय. आमच्याकडे ठेकेदाराचा पोरगा गावाहून सकाळी उतरतो आणि दुपारी भट्टीसमोर फुल शिफ्ट करतो.

आणि त्या पोराच्या हातात बँड नाहीच. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना दिलेलेच नाहीत. सगळ्यात गरम, सगळ्यात जड काम त्यांचं, भट्टीतला स्केल काढणं, तापलेला माल बुडवून थंड करायची क्वेंच टाकी साफ करणं. कँटीनच्या ताया, हाऊसकीपिंगच्या ताया, त्यांना पण नाही, आणि बायकांमध्ये तर हार्टचं दुखणं बऱ्याचदा छातीत दुखण्याऐवजी नुसता थकवा, धाप, पाठ दुखणं असंच येतं, त्या स्वतः पण अंगावर काढतात.

शॉप फ्लोअरची माहिती नसलेल्या माणसांनी ही खरेदी केली असणार असं मला वाटतं, कारण साध्या गोष्टी आहेत. लेथवर, ड्रिलवर, फिरणाऱ्या कुठल्याही मशिनवर घड्याळ, अंगठी, कडं घालायचं नाही हे पहिल्या दिवशी शिकवतात, पट्टा अडकला तर हात आत जातो. मग मशिनवाल्याच्या मनगटावर बँड कसा बांधला? ग्राइंडरवाल्याचा हात सतत थरथरतो, हिरव्या लाईटला ते हादरे आणि ठोके ह्यातला फरक नीट कळत नाही, मशिनचीच लय पल्स म्हणून मोजली जाऊ शकते. वर घाम, तेल, काजळी, हातमोज्याची कड. गडद कातडीत आणि टॅटू असेल तिथे लाईट आत कमी पोचतो ते वेगळंच. छातीला बांधायचा पट्टा जास्त बरोबर मोजतो पण तो उष्णतेत आठ तास घालून बघा म्हणजे कळेल. आणि माहुल-चेंबूरकडे रिफायनरीच्या पट्ट्यात तर ज्वलनशील भागात साधा मोबाईल नेता येत नाही, तिथे बॅटरीवालं काहीही न्यायचं तर स्पार्क होणार नाही असं सर्टिफाईड असावं लागतं. बाजारातला कुठलाही बँड चालत नाही.

संमतीचं सांगते. बँड देताना एका कागदावर सह्या घेतल्या. कागद इंग्रजीत, चार पानी. मी स्वतः दोनदा वाचला तेव्हा मला कळलं की डेटा "वेलनेस आणि ऑपरेशनल प्लॅनिंग" साठी वापरणार. सही केली नाही असं एकही जण नव्हता, करणार पण कोण? २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे म्हणून निकाल दिला. २०२३ ला डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. पण त्याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी, मालकाचं नुकसान होऊ नये ह्यासाठी, संमती न घेता पण डेटा वापरायची मुभा कलम ७ मध्ये ठेवलेली आहे. आणि २०११ च्या जुन्या नियमांमध्ये तब्येतीची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढलेली होती, नवीन कायद्यात तशी वेगळी वर्गवारीच नाही. तुमचा ईमेल आणि तुमच्या छातीचे ठोके एकाच टोपलीत. वाचकांमध्ये वकील मंडळी असतील त्यांनी ह्यावर जरूर लिहावं, मला जेवढं समजलं तेवढं मी लिहिलं. डॉक्टरांना पेशंटची माहिती बाहेर द्यायला मनाई आहे, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत ते आहे. मग तीच माहिती बँडमधून थेट एचआरकडे गेली तर तो नियम कोणाला लावायचा?

अजून एक भीती आहे जी कामगारांच्या घरच्यांशी संबंधित आहे. कामावर असताना हार्टने माणूस गेला तर १९२३ च्या भरपाईच्या कायद्याखाली (तो २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार कायद्यांत सामावलाय) पैसे मिळायचे असतील तर कामाचा आणि ॲटॅकचा संबंध दाखवावा लागतो, कामावर असताना मेला एवढं पुरत नाही, सुप्रीम कोर्टाने २००६ च्या एका निकालात हे सांगितलंय. आता ह्या संबंधाचा सगळ्यात चांगला पुरावा कुठे असणार? बँडच्या रेकॉर्डमध्ये. त्या रात्री तीन तास पल्स किती होती, विश्रांती मिळाली की नाही, सगळं त्यात आहे. आणि ते रेकॉर्ड आहे कंपनीच्या सर्व्हरवर. विधवेने मागितलं तर कोण देणार? उलट कंपनीला हवं असेल तर तेच रेकॉर्ड दाखवून म्हणता येईल की ह्याला आधीपासून त्रास होता. हॉस्पिटलच्या कागदांना निदान नियम आहे, पेशंटने मागितले की ७२ तासांत द्यायचे. बँडच्या डेटाला असा काही नियम मी तरी ऐकला नाही.

आणि मूळ गोष्ट तर कोणी बोलतच नाही, तासांची. डब्ल्यूएचओ म्हणजे जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, दोघांनी मिळून २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा, स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त आणि हार्टच्या आजाराने मरायचा धोका १७ टक्के जास्त. आपल्याकडे ३ सप्टेंबर २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, तीन महिन्यांच्या ओटीची मर्यादा ११५ तासांवरून १४४. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे. संमती कशी घेतात ते वर लिहिलंच आहे. १२ तास ड्युटी, त्यात टिटवाळा-बदलापूरहून येणाऱ्याचे दोन्हीकडचे मिळून तीन-साडेतीन तास, लोकलमध्ये उभ्याने. माझ्या स्क्रीनवर झोपेचे पण आकडे येतात, आमच्या नाईटवाल्यांचे साडेचार तास, पावणेपाच तास. ते बघून मला भट्टीच्या तापमानापेक्षा जास्त भीती वाटते. आणि आपल्या लोकांना हे लवकर गाठतं, २००४ ला ५२ देशांचा इंटरहार्ट नावाचा अभ्यास आला होता, त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, बाकी जगात ५८-५९ ला. माझ्याकडे तर ४४ चा आला.

नवीन लेबर कोड, म्हणजे हेच नवीन कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, त्यात चाळिशीच्या पुढच्यांची वर्षातून एकदा फुकट तपासणी आहे, चांगलं आहे, मी स्वागत करते. फक्त रिपोर्ट इंग्रजीत छापून फाईलला लावला की काम संपलं असं करू नका. मी आमच्या लोकांना रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहून देते, तुझं प्रेशर एवढं, ही गोळी रोज, बायकोला दाखव. बायकोला दाखव हे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, दुसऱ्या दिवशी फोन येतो.

बँडवर जेवढा खर्च झाला त्यातल्या थोड्या पैशात एक एईडी आलं असतं. हार्ट बंद पडलं तर शॉक द्यायचं मशीन, ते स्वतः बोलून सांगतं काय करायचं, आठवी शिकलेला माणूस पण वापरू शकतो. हार्ट थांबल्यावर शॉक मिळायला प्रत्येक मिनिट उशीर झाला की वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. आमच्या गेटपासून प्रेस शॉपच्या टोकापर्यंत स्ट्रेचर घेऊन जायला ६ मिनिटं लागतात, मी मोजलीत. १०८ ला फोन केला तरी गाडी गेटवर येऊन आत पोचेपर्यंत काय होणार ते सांगायला नको. सीपीआर मी दर सहा महिन्यांनी शिकवते, छातीच्या मध्ये, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटीमीटर खोल, पण शिकायला पाठवतात कोणाला तर ऑफिस स्टाफला, कारण शॉपवाल्यांना प्रॉडक्शनमधून सोडत नाहीत. पडणार कोण आणि शिकलेला कोण.

पुढच्या महिन्यात आमच्या सेफ्टी कमिटीची मीटिंग आहे, तिच्यात कामगारांचे आणि मॅनेजमेंटचे लोक सारखेच असतात, आणि मी ह्या वेळी लेखी देणार आहे. शॉप ऑफिसातला आणि एचआरमधला टीव्ही काढा. माणसाचा आकडा आधी त्या माणसाला दिसू दे, मग मला आणि फॅक्टरी मेडिकल ऑफिसरला, तिसऱ्या कोणाला नाही. प्लँट हेडना हवं असेल तर नाव, टोकन नंबर काहीही न घालता जागेचा हिशोब देऊ, की तीन नंबर भट्टीवर रात्री २ ते ४ मध्ये सगळ्यांच्याच पल्स चढतायत, आणि लाल आल्यावर पहिला मेल मेंटेनन्सला जाऊ दे, की मॅनकूलर आणि दरवाजा बघा. तब्येतीमुळे कोणाला भट्टीवरून हलवावंच लागलं तर त्याचा अलाउन्स सहा महिने तरी कापू नका, नाहीतर बँड लॉकरमध्येच राहणार. संमतीचा कागद मराठीत आणि हिंदीत, एका पानाचा, आणि नाही म्हणणाऱ्याला काही त्रास नाही हे त्यात लिहिलेलं. बँड द्यायचेच तर कॉन्ट्रॅक्टवाल्यांना आधी. आणि कोणाला मोजमाप कसं करायचं ह्याबद्दल शंका असेल तर सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, तिथे इंडस्ट्रियल फिजिऑलॉजीचा विभागच आहे, विक्रेत्याचं प्रेझेंटेशन बघण्यापेक्षा त्यांना बोलवा.

ज्या दादाला स्टोअरला बसवलं त्याला अजून परत घेतलेलं नाही. मॅनकूलर मात्र चालू झाला, मी तीनदा लिहून दिल्यावर. तो दादा रोज दुपारी जेवण झालं की माझ्याकडे येतो, हात पुढे करतो आणि म्हणतो सिस्टर, तुम्ही बोटाने मोजा आणि वहीत लिहा. मी मोजते. ७२, ७४, कधी ७०. तारीख टाकून सही करते. दोन महिन्यांची वही झालीय, ती मी मीटिंगला घेऊन जाणार आहे.

आपली नम्र,
एक ओएचसी सिस्टर,
मुलुंड (पूर्व), मुंबई